एकोणीस माणसं आणि गणिताचा पेपर

दरड खाली आली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. भागीरथी घाणेकर या म्हातारीला काखेत धरून मी गोठ्यापासून तीस पावलं खाली आले होते. तिची जाऊ सोनाबाई आणि आमचे प्लाटून सार्जंट सावंत अजून गोठ्यातच होते. ट्रक खडी ओततो तसा आवाज झाला. मी मागे वळून पाहिलं. गोठा नव्हता.

मी वायरलेस सेट तोंडाजवळ धरला. "कंट्रोल, डेल्टा टू. दरड आली. दोन माणसं मातीखाली. त्यातलं एक आपलं. ओव्हर."

"डेल्टा टू, नाव सांगा. ओव्हर."

मी नाव सांगितलं. माझ्या रेनकोटच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दहावीचं हॉल तिकीट होतं. अकरा वाजता रत्नागिरीत गणित भाग एकचा पेपर होता.

मी देवरूखच्या होमगार्ड पथकात होते. शाळा पाचवीपर्यंत. भरती झाले तेव्हा तेवढी पुरली. यात्रेचा बंदोबस्त, निवडणूक, पूर, सगळ्या ड्यूट्या केल्या. पुढे सेक्शन लीडरच्या फितीसाठी दहावी मागायला लागले. मी जिला परेड शिकवली ती पोरगी मला 'सावधान' करायला लागली. मला ते चाललं नाही. तेव्हा माझं वय पंचावन्न होतं.

शेजारीण म्हणाली, "ह्या वयात दहावी करून काय गो, वर भरती हाय काय?"

मी म्हटलं, "असली तर तिथंपण फॉर्म भरायला लागेल. तू अंगठा घेऊन जा."

शैला पांचाळ माझ्याच सेक्शनमधली, चौतीस वर्षांची. दिवसा काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. चिकाने तिच्या बोटांची सालं गेलेली असायची. दहावी झाली तर तिला कारखान्यात सुपरवायझर करणार होते. पेन धरताना तिचं बोट दुखायचं, म्हणून ती पेनाला चिंधी गुंडाळायची. मला फीत हवी होती, तिला ते फोडणं सोडायचं होतं.

सार्जंट सावंत फौजेतून हवालदार होऊन आलेले. ते स्वतः सातवीवर भरती झाले होते आणि बराकीत बसून पुढचं शिकले होते. बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच आणला. मंगळवारी आणि शुक्रवारी परेड झाली की स्ट्रेचर आणि दोर ठेवायच्या शेडमध्ये वर्ग भरायचा. आम्ही सहा बायका. सहा बायका डोळ्यांसमोर बसलेल्या, तरी ते रोज नावं पुकारायचे.

एकदा मी म्हटलं, "सार्जंट, सहा डोकी दिसत नायत काय?"

"डोकी दिसतात, पाष्टेबाई. कुणाची ते विचारतोय."

मार्चच्या परीक्षेत चौघी पास झाल्या. शैला आणि मी गणितात गेलो. जुलैच्या फेरपरीक्षेला पुन्हा बसायचं होतं. जुलैचा पेपर म्हणजे पावसाच्या ड्यूटीचे दिवस, हे फॉर्म भरतानाच माहीत होतं.

त्या दिवशी पहाटे साडेचारला निरोप आला. डोंगराला भेग पडली होती आणि पायथ्याची वाडी खालच्या शाळेत हलवायची होती. सार्जंट म्हणाले, "पेपरवाल्यांनी यायचं नाही. तुम्ही आठची एसटी पकडा."

शैला म्हणाली, "आठपर्यंत मोकळ्याच हाव की."

आम्ही गेलो. पोलीस पाटलांनी आदल्या संध्याकाळी वाडीतल्या माणसांची यादी करून ठेवली होती. एकोणीस नावं. घराघरातून माणसं काढली, शाळेत आणली. सहा चाळीसला मी दारात उभी राहून मोजली. एकोणीस भरली.

नावं मी वाचली नाहीत. कागद भिजला होता, अक्षर बारीक होतं, आणि मी बोट ठेवून वाचते. एवढ्या लोकांसमोर अडखळायचं नव्हतं. मोजणं मला लहानपणापासून येतं. कारण एवढंच आहे. ते मी मोठं करत नाही आणि लहानही करत नाही.

"एकोणीस, सार्जंट. सगळे खाली."

"नावं पुकारली?"

"एकोणीस भरलेत ना."

 त्यांनी कागद शैलाकडे दिला. शैलाने खड्या आवाजात नावं घेतली. अकराव्या नावाला कोणी ओ दिली नाही. बाराव्यालाही नाही. भागीरथी आणि सोनाबाई. कोपऱ्यात दोन बाप्ये बसले होते. ते रातराणी एसटीने मुंबईहून भाताच्या लावणीसाठी आले होते आणि पहाटे घरात शिरले होते. यादीत त्यांची नावं नव्हती. माझ्या मोजणीत ते होते.

त्यातला एक उठला. "आई तुमच्याबरोबर नाय आली?"

दोघी जावा मागच्या पायवाटेने गोठ्यावर गुरं सोडायला गेल्या होत्या, हे तेव्हा कळलं. मुलगा धावत निघाला, त्याला दोघांनी धरून ठेवला. सार्जंटनी दोर खांद्यावर घेतला. मीही निघाले.

"तुम्ही नको. पेपर आहे."

"चूक माझी हाय. चला."

चढायला पंधरा मिनिटं लागली. म्हशी सुटल्या होत्या. रेडकाचं दावं ओलं होऊन आवळलं होतं आणि सोनाबाई ती गाठ सोडत बसली होती.

"आजी, उठा."

"रेडकू सोडल्याबिगर मी नाय यायची. तुला घाई हाय तर तू जा."

सार्जंट तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी चाकू काढला. मला म्हणाले, "भागीरथीला घेऊन निघा."

"सार्जंट, राहू दे ते."

"मूव्ह."

मी निघाले. पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे.

आम्ही हातांनी, फावड्यांनी, घमेल्यांनी माती काढली. सात पन्नासला सोनाबाई वाशांखाली सापडली. गळ्याचं हाड मोडलेलं, तोंडाने शिव्या चालू. रेडकू तिच्याआधीच पळालं होतं. सार्जंट नऊ वीसला सापडले. ते भिंतीच्या बाजूला होते. त्यापुढचं मी लिहीत नाही. आठची एसटी गेली होती. अकरा वाजता शैला आणि मी शाळेच्या पायरीवर बसलो होतो. तिने हॉल तिकीट काढून पाहिलं आणि परत पिशवीत ठेवलं.

चार दिवसांनी माझा जबाब झाला. कारकून लिहून घेईल, असं मला सांगितलं. मी म्हटलं, मोजलं मी, लिहीनही मीच. शैला कानाशी म्हणाली, "बाय, काळोख होता म्हणून घाल."

"पावणेसातला काळोख नसतो."

दीड पान लिहायला मला पाऊण तास लागला. 'मी नावे पुकारली नाहीत' हे वाक्य मी पहिलं लिहिलं. मला तीन महिने ड्यूटी दिली नाही. ते बरोबर होतं.

आता वर्ग बंद करा, असं बरेच जण म्हणाले. शिकवणारा गेला, शिकणारीमुळे गेला, असंही कोणी म्हणालं. वर्ग बंद करणं मला मान्य नव्हतं. दुसऱ्या बोलण्यावर मी वाद घातला नाही. शेडची किल्ली माझ्याकडे होती. ती मी दिली नाही. मंगळवारी पाच वाजता शेड उघडली. शैला आली. पुढच्या शुक्रवारी वाडीतली एक सून आली, तिला अंगणवाडीत लागायचं होतं. सार्जंटच्या वहीत गणितं सोडवलेली होती, त्यावर शैला शिकवायची. ती चुकली की मी सांगायची, मी चुकले की ती ओरडायची.

मार्चमध्ये शैला पास झाली आणि सुपरवायझर झाली. मी पुन्हा गेले. जुलैत बसले, गेले. त्याच्या पुढच्या मार्चला मला गणितात अडतीस मार्क पडले. फीत मिळाली तेव्हा माझी निवृत्ती अकरा महिन्यांवर होती. एवढ्यासाठी कशाला लावतेस, असं लोक म्हणाले. मी अकराही महिने लावली.

त्या सकाळी वाडीत एकवीस माणसं होती. एकवीसही जगली. भागीरथी पुढे चार वर्षांनी घरात, अंथरुणावर गेली. सोनाबाई अजून आहे. शैला आहे, मी आहे. सार्जंट सावंत गेले.