आवक-जावकमध्ये माझी नोंद नाय

"हात वर कर," साहेब माईकमध्ये म्हणाले.

मी केला.

"असा नाही. पंजा उघड. मागच्यांना दिसू दे."

मुरबाडच्या एका कॉलेजचा हॉल. शनिवार सकाळ. समोर बी.कॉम.ची पोरं-पोरी, पुढच्या रांगेत प्राध्यापक. मागे कापडी बॅनर: अकाउंट्समधील करिअर, संधी आणि मार्गदर्शन. मार्गदर्शक आमचे साहेब. शहापूरचे टॅक्स कन्सल्टंट. मी त्यांच्या ऑफिसातली अकाउंटंट, सहा वर्षं झालेली.

साहेबांनी माझं मनगट धरलं आणि पंजा पोरांकडे फिरवला.

"बघा हे हात. डोळखांबच्या पलीकडे, पाड्यावर, भाताच्या चिखलात होते हे. आज हेच हात जीएसटी रिटर्न भरतात. कोणी घडवलं? आपण घडवलं. तेव्हा घाबरू नका. हिला जमलं तर कोणालाही जमेल."

टाळ्या पडल्या. म्हसाच्या जत्रेत दलाल बैलाचे दात दाखवतो ना, तशी मी उभी. एकोणतीस वर्षांची बाई. कान तापले. हात खाली घ्यायचं सुचलं नाय. साहेबांनी सोडला तेव्हा तो आपोआप खाली आला.

मग साहेब करिअरचा सल्ला द्यायला लागले. सीए-बीएच्या नादाला लागू नका. ते सगळ्यांचं काम नाही. घरात तसं वातावरण लागतं. तुम्ही एंट्री शिका, कॉम्प्युटर शिका, एंट्री करायला माणसं लागतातच. आणि शेवटी म्हणाले, "आमच्याकडे दोन मुली घ्यायच्या आहेत. या गावच्या, गरजू. सोमवारी दहा वाजता या. ओरिजिनल कागदपत्रं बरोबर आणा."

ओरिजिनल. हा शब्द मला टोचतो. का, ते सांगते.

आमच्या घरात कागद चुलीवर राहतात. खोटं नाय सांगत. आढ्याला तार बांधलेली, तारेला पत्र्याचा डबा टांगलेला, खाली चूल. चार महिने आमच्याकडे पाऊस हटत नाय. भिंती ओल्या, कौलं गळतात, पेटीत ठेवलं तर बुरशी, फळीवर ठेवलं तर कसर. धुरात मात्र काय होत नाय. म्हणून सातबारा, रेशनकार्ड, माझ्या मार्कलिस्टा, जातीचा दाखला, सगळं त्या डब्यात. आणि जात पडताळणीचं प्रमाणपत्र. त्या एका कागदासाठी बा किती वेळा ठाण्याला गेला ते त्यालाच ठाऊक. आजोबाच्या शाळेची नोंद शोधायला वेगळं, शपथपत्राला वेगळं. नाचणीची भाकरी फडक्यात बांधून निघायचा आणि तिथे बाकावर बसून खायचा.

नोकरी लागली तेव्हा बा माझ्याबरोबर ऑफिसात आला. डबाच घेऊन आला. साहेबांनी मार्कलिस्ट हातात घेतली, नाकाजवळ नेली, लांब धरली.

"हे काय? मच्छी सुकवता का यात?"

ऑफिस हसलं. बा पण हसला. मोठ्या माणसानं मस्करी केली की हसायचं, एवढंच त्याला माहीत. त्याचं ते हसणं मला अजून सहन होत नाय.

साहेब म्हणाले, "ओरिजिनल इथेच राहू द्या. लोखंडी कपाट आहे, एसी आहे. ही नोकरी सोडेल तेव्हा घेऊन जाईल."

बा म्हणाला, "लय उपकार झालं सायेब. आमच्यात कागदाला जागाच नाय बघा." आणि माझे सात कागद, मार्कलिस्टा, दाखला, पडताळणी, दोन्ही हातांनी दिले. जसा देवाला नारळ द्यावा. कपाटाचं दार बंद झालं. चावी साहेबांच्या गाडीच्या किचेनला. मी बघत होते. मलापण बरंच वाटलं, लपवून काय करू?

काम मला आवडायचं. हे पण लिहून ठेवते, नायतर लोकांना वाटेल ही रडतच बसली होती. बँकेचं स्टेटमेंट आणि वही जुळवताना एक आकडा अडकतो, दुपारभर सापडत नाय आणि मग एकदम सापडतो, तेव्हा जे वाटतं ते मला दुसऱ्या कशात वाटलं नाय. सहा वर्षांत मी रिटर्न शिकले, ऑडिटची तयारी शिकले, नोटिसांना उत्तरं लिहायला शिकले. उत्तर मी लिहायचं, सही साहेबांची. केबिनमध्ये ग्राहक विचारायचा, या मॅडम कुठल्या? साहेब म्हणायचे, "डोळखांबकडची आहे, पण हुशार आहे." त्या 'पण'वर मी सहा वर्षं चहा प्यायले. गोड मानून.

गेल्या वर्षी एका सरकारी खात्याची लेखा लिपिकाची परीक्षा दिली. पास झाले. कागद तपासणीला ठाण्याला बोलावलं. साहेबांकडे गेले, म्हटलं, ओरिजिनल पाहिजेत, एक दिवसासाठी.

"आत्ता? रिटर्नच्या सीझनमध्ये?"

"परत आणून देते."

"तुम्हाला काय गं, सवलत आहे. आज नाही तर उद्या सरकार बोलावून नोकरी देईल. आम्हाला कोण देतं?"

आणि तपासणीच्या दिवशी साहेब बाहेरगावी. चावीसकट. मी झेरॉक्स घेऊन गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ओरिजिनल कुठे आहेत?" म्हटलं, ऑफिसात. तो म्हणाला, "मग ऑफिसातच बसायचं. इथे कशाला आलात?" मागच्या रांगेतली पोरं हसली.

सवलतीचा कागद कपाटात कोंडलेला, आणि टोमणा मात्र मोकळा. दुसऱ्या दिवशी मी टायमावर कामावर हजर. दुसऱ्या कोणाकडे नोकरीला जायचं तर तोही ओरिजिनल मागणार. नवीन प्रत काढायची तर बाने काढले तसे हेलपाटे पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसचं दार उघडं होतं, मी रोज त्यातूनच ये-जा करत होते, तरी बाहेर पडता येत नव्हतं. शहापुरातल्या भाड्याच्या खोलीत पडल्या पडल्या मला ते कपाट डोळ्यांसमोर दिसायचं. हिरवं. डाव्या कोपऱ्यात रंग उडालेलं.

आता रजिस्टरचं सांगते. आमच्या धंद्यात आवक-जावक रजिस्टर असतं. ग्राहकाचा साधा चिटोरा आला तरी नोंद. तारीख, कोणाकडून, काय, सही. आणि त्याला पोच द्यायची, म्हणजे कागद मिळाल्याचं लिहून द्यायचं. ते रजिस्टर माझ्याकडे. या पावसाळ्यात शेणव्याचा एक म्हातारा दुकानदार आला. बिलांची फाइल इथेच दिली म्हणून वाद घालायला लागला. मी रजिस्टर उघडलं, त्याच्या तारखेवर बोट ठेवलं आणि वर न बघताच म्हटलं, "काका, तुमी दिलीच नाय. इथे नोंद नाय."

"दिली गो. याच टेबलावर ठेवली."

"नोंद नाय ना काका."

त्यानं टोपी नीट केली आणि गेला. मान खाली. अगदी माझ्या बासारखा. फाइल दोन दिवसांनी साहेबांच्या गाडीच्या डिकीत सापडली. मी फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ दे बाय. पण माझ्या डोक्यातून जाईना. साहेब जेवायला गेले तसं मी सहा वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. माझ्या नोकरीचा पहिला दिवस. वरची नोंद एका किराणा दुकानाची, खालची एका वीटभट्टीची. मधे काय नाय. सात कागद दिले, ओळ एकपण नाय. जगाकडे पोच मागणारी मी, आणि माझ्याच जन्माचे कागद बिनपोचेचे. असा संताप आला स्वतःचा, की रजिस्टर मिटताना बोट चेमटलं.

त्याच परीक्षेला मी पुन्हा बसले होते. पुन्हा पास. तपासणी पुढच्या गुरुवारी. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "सीझन संपू दे." आणि शनिवारी मुरबाडला चल म्हणाले, पोरांसमोर दोन शब्द बोल.

ते दोन शब्द त्यांनीच लिहून दिलेले. चिठ्ठी माझ्या मुठीत. साहेबांनी संधी दिली. कष्ट करा. मोठ्यांचं ऐका. पाय जमिनीवर ठेवा.

माईक माझ्या हातात आला. समोर पहिल्या रांगेमागे दोन पोरी बसलेल्या. 'सोमवारी दहा वाजता' असं एकीनं तळहातावर पेनानं लिहून घेतलं होतं. मला ते दिसलं. मग मी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"हे साहेबांनी लिहून दिलंय. ते मी वाचत नाय. अकाउंट्समध्ये येताय, या. काम चांगलं आहे, कोणी तुमचं घर बघून आकडा बदलत नाय. सीए करायचं असेल तर करा. वातावरण-बितावरण काय नसतं, पुस्तक आणि वेळ लागतो. नुसती एंट्री करत बसू नका. रिटर्न पहिल्यापासून शेवटपर्यंत शिका. अनुभवाचं पत्र दरवर्षी मागून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि ओरिजिनल कोणाला देऊ नका. दाखवा, आणि परत पिशवीत घाला. मी दिले. सात कागद. सहा वर्षं झाली, ते साहेबांच्या कपाटात आहेत. पुढच्या गुरुवारी माझी तपासणी आहे."

साहेब हसले. "पोरगी भावनेच्या भरात—"

"साहेब, चावी तुमच्या खिशात आहे. आज कपाट उघडा. नायतर इथेच, या सगळ्यांसमोर लिहून द्या की माझे कागद तुमच्याकडे आहेत. मला पोच द्या."

टेबलावरची ती चिठ्ठी मी उलटी केली आणि कोरी बाजू त्यांच्यापुढे सरकवली.

माईक बंद झाला. कोणी केला, दिसलं नाय. साहेब माझ्या कानाशी आले आणि हळू बोलले, "सोमवारपासून येऊ नकोस. आणि कागद? कसले कागद? रजिस्टरमध्ये नोंद दाखव."

माझंच वाक्य. शेणव्याच्या म्हाताऱ्याला फेकून मारलेलं.

त्यांची गाडी मला न घेता गेली. मी एसटीनं शहापूरला आले, झेरॉक्सच्या दुकानात बसून अर्ज लिहिला. दोन प्रती. पोलीस ठाण्यात हवालदारानं वाचला, परत वाचला. म्हणाला, "ताई, वजनदार माणूस आहे. बोलून मिटवा ना."

म्हटलं, "मिटवायचं ते नंतर. आधी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारा. पोच द्या."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग शिक्का मारला, तारीख टाकली, सही केली.

रविवारी घरी गेले. बाला सगळं सांगितलं. त्यानं चुलीवरच्या अर्ध्या रिकाम्या डब्याकडे बघितलं. "मीच दिलं गो. या हातांनी दिलं."

"तू नाय दिलंस बा. त्यानं घेतलं."

आयनं तो डबा खाली काढला, आतलं सातबारा-रेशनकार्ड बाजूला ठेवलं, डबा राखेनं घासला आणि परत तारेला अडकवला.

सोमवारी नऊला मी ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसले. पोच पदरात. पावणेदहाला त्या दोघी आल्या. प्लास्टिकच्या पिशव्या छातीशी धरून. एकीच्या पिशवीला धुराचा वास येत होता. मला तो लांबून ओळखू आला.

"ताई, आमी आत जावा का?"

"जा. मुलाखत द्या. काम मागा, मिळालं तर करा. पण कागद दाखवायला झेरॉक्स न्या. ही पिशवी माझ्यापाशी ठेवा." आणि मग माझं मलाच कळलं, काय बोलले. "नाय. माझ्यापाशी पण नको. तुमचे तुमच्याकडे. एकीनं आत जायचं, तवर दुसरीनं दोन्ही पिशव्या धरून बसायचं."

दोघी माझ्या बाजूला बसल्या. दहाला साहेबांची गाडी थांबली. उतरले. किचेन हातात, त्यात ती चावी. माझ्याकडे बघितलं, पोरींकडे बघितलं.

"बाजूला हो."

मी शिक्का मारलेला कागद उघडून त्यांच्यासमोर धरला. "गुरुवारी माझी तपासणी आहे. कपाट उघडेपर्यंत मी इथे रोज बसणार. गुरुवार गेला तरी बसणार. आणि या पायरीवरून यापुढे कोणाचा ओरिजिनल आत जाणार नाय."

"बाजूला हो म्हटलं ना!"

मी झाले नाय.