घरातली नावं, बाहेरची नावं

जळगावहून सकाळच्या पॅसेंजरने निघालो तेव्हा दप्तरात एक कपड्यांचा जोड होता आणि जपानच्या सहलीचं संमतीपत्र. आमच्या ज्युनिअर कॉलेजातून दहा दिवसांच्या अभ्यास सहलीसाठी बारा जण निवडले होते, त्यात मीही. पासपोर्ट, व्हिसा सगळं झालं होतं. मग सहल पंधरा दिवस अलीकडे आली आणि नेमकी कानबाईत पडली. ‘येणार की नाही, सोमवारी वडिलांच्या सहीनिशी सांग,’ असं सर म्हणाले.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि पांगलेली भावकी गावी येते. दिवाळी चुकली तर चालतं, कानबाई चुकली की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. सतरा वर्षांत मी एकही चुकवली नव्हती.

धरणगाव गेलं, अमळनेर गेलं. दोन्ही बाजूंना गुडघाभर कापूस. आमची गाडी जागोजाग थांबत होती आणि मी मनाने जपानच्या गाडीत बसलो होतो. मला जायचं होतं, अगदी जीव तुटून जायचं होतं. मी तर अजून समुद्रसुद्धा पाहिलेला नाही.

समोर बसलेल्या एका अक्कांनी विचारलं, “कोठे चालना रे भाऊ? कानबाईले?”

“वडिलांची सही लेवाले (घ्यायला), अक्का. जपानले जावानं शे.”

“तठे (तिथे) कानबाई बसस का?”

“नाही.”

“मंग तठे काय काम शे तुनं?”

अक्कांनीच माझ्या हातावर केळं ठेवून माझी सुटका केली.

नरडाण्याला उतरून शिरपूरची एसटी धरली. चढताना रेटारेटीत ते केळं दप्तरातच चेंगरलं आणि संमतीपत्राचा कोपरा चिकट झाला. पुलाखाली तापी गढूळ वाहत होती. शिरपूरच्या पुढे सातपुडा दिसू लागला, तसं मला कॉलेज, सर, विमान सगळं विसरायला झालं. या डोंगराचं माझ्यावर भलतंच वजन आहे.

घरी आईने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. केळ्याने माखलेला कागद पाहून वडील हसले. “जपानवाले मुंग्या मोजत बसतील,” म्हणाले, पण पेन काही उचलेनात. “आबांना विचार.”

आबा म्हणजे माझे आजोबा. ते ओट्यावर रोटाचे गहू मोजायला बसले होते. कानबाईच्या नैवेद्याचे रोट (जाड पोळ्या) ज्या गव्हाचे करतात, ते आमच्या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. आधी घरातल्यांची नावं, मग बाहेरच्यांची, म्हणजे कानबाईला न येणाऱ्यांची. त्यांच्या वाट्याचा रोटही भाऊबंदच खातात, परक्याला देत नाहीत.

वडिलांचं नाव झालं, धाकट्या काकांचं झालं. त्यानंतर नेहमी माझं येतं. आबांनी मूठ भरली आणि हात तसाच टोपलीवर धरला.

“तुनं नाव आते कोठे लेऊ? घरमा का बाहेर?”

रागावले असते तर सोपं गेलं असतं. पण ते खरंच विचारत होते. आई दारात उभी होती. वडील कागदाकडे बघत होते. ‘घरमा’ म्हणावं, कागद फाडावा आणि पुढच्या रविवारी सगळ्यांबरोबर पंगतीला बसावं, असं मनापासून वाटलं.

“बाहेर,” मी म्हणालो.

आबांनी मूठ पुन्हा गव्हात सोडली. घरातली उरलेली दोन नावं घेतली. मग सुरतेच्या मोठ्या काकांचं, पुण्याच्या दोघा चुलतभावांचं. सर्वांत शेवटी माझं. मूठ टाकताना ते एवढंच म्हणाले, “जाय. नीट जाय.”

वडिलांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. उलट्या क्रमाने तीच स्टेशनं आली. आता आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता, पण आबांची मूठ डोळ्यांसमोरून हलेना. दहाच दिवसांचा तर प्रश्न आहे, मी स्वतःला समजावलं. पुढच्या वर्षी आबांना सांगू, माझं नाव परत घरात घ्या.

मग सुरतेचे काका आठवले, पुण्याचे दोघे आठवले. तेही पहिल्यांदा थोड्याच दिवसांसाठी गेले होते. बाहेर गेलेलं एकही नाव आबांनी परत घरात घेतलेलं मला आठवेना.