दाजींचा लॅपटॉप आणि कुंकू लावलेली हार्ड डिस्क

दुरुस्तीला दिलेल्या वस्तूतला चांगला भाग दुकानदार काढून घेतो आणि तिथे भंगार बसवतो, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. शंका फक्त एवढीच असायची, की नेमका कोणता भाग काढला! मिक्सर दुरुस्तीला दिला की मी दुकानात स्टूल मागून समोरच बसे. स्कूटर उघडली, की मेकॅनिकच्या हाताबरोबर माझं डोकंही इंजिनात असे (एकदा केसांना ग्रीस लागलं, ते आठवडाभर निघालं नाही). जळगावातले निम्मे कारागीर मला लांबून पाहिलं तरी शटर ओढू लागत. त्यावरूनही मी हेच समजे, की यांच्या मनात काळंबेरं आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. अधिक मास लागला आणि माझी थोरली बहीण अक्का दाजींसह माहेरी आली. दाजी पुण्याच्या एका ठिबक सिंचन कंपनीत होते आणि कंपनीनं त्यांना लॅपटॉप दिला होता. आमच्या गल्लीनं असली वस्तू पहिल्यांदाच पाहिली. सोमवारी दुपारी धुळ्याला मोठे साहेब येणार होते. त्यांच्यापुढे दाजींनी वर्षभराचं काम याच लॅपटॉपवर दाखवायचं, आणि साहेब खूश झाले तर दाजींची बढती पक्की! अक्कानं तर पुण्यात मोठं घरसुद्धा पाहून ठेवलं होतं.

शुक्रवारी लॅपटॉप वाजायला लागला. कट्‌... कट्‌... कट्‌!

"नजर लागनी!" आई म्हणाली. "काल तो शेजारना नाना कसा टक लाईसन देखी राहिंता!"

"संजयराव," दाजींनी मला हळूच विचारलं, "तुम्ही काही हात लावला होता का?"

"मी? छे!" (लावला होता. पत्ते खेळलो होतो. पण पत्ते खेळून काय यंत्र बिघडतं?)

"हा खोटं बोलतोय," अक्का म्हणाली.

घरात बसल्या जागी सगळ्यांचा सगळ्यांवर संशय! शेवटी मी स्क्रू ड्रायव्हर आणला. त्याचं टोक लॅपटॉपवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. स्कूटरचं इंजिन असंच ऐकतात. उजव्या कोपऱ्यात आवाज मोठा येत होता. मी डोळे मिटून निदान केलं, "हार्ड डिस्क मरायला टेकलीय." संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला माणूस घरात मी एकटाच, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. अक्कानं मात्र दाजींना आधी सगळं काम फ्लॉपीवर उतरवून घ्यायला लावलं. त्या पूर्ण प्रकरणातलं शहाणपणाचं काम तेवढं एकच झालं.

जळगावात तशी डिस्क मिळेना. शनिवारी एस.टी.नं धुळ्याला गेलो, तिथल्या एका दुकानात मिळाली. दुकानदार पान चघळत म्हणाला, "लॅपटॉप घेऊन या, बसवून देतो. फुकट."

फुकट! कोण देतो हो फुकट? माझी खात्रीच पटली. डिस्क छातीशी धरून तडक घरी आलो.

रविवारी सकाळी पाटावर पांढरं फडकं अंथरून मी लॅपटॉप उघडला. स्क्रू वाटीत ठेवले, जुनी डिस्क काढली आणि नवीशेजारी ठेवली. दोन्ही एकाच कंपनीच्या, जुळ्या बहिणींसारख्या! तेवढ्यात आई कुंकवाचा करंडा घेऊन आली. आमच्याकडे नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. मला तर ते हवंच होतं. कुंकू म्हणजे खूण! आता नवीच्या जागी जुनी घालायची कोणाची टाप नव्हती (घरात कोण घालणार होतं, ते विचारू नका). "लाव," असं सांगून मी जेवायला गेलो. खापरावरचे मांडे आणि आमरस होता. त्यात बराच वेळ गेला.

परत आलो. समोर जिला कुंकू दिसलं, ती उचलली आणि बसवली. दुसरी न बघताच रुमालात गुंडाळून खिशात घातली. जुन्या मालावरही लोकांचा डोळा असतो!

लॅपटॉप सुरू केला. कट्‌... कट्‌... आणि पडद्यावर काय? दाजींचं सगळं काम जिथल्या तिथे!

"नव्या डिस्कमध्ये माझं काम कसं आलं?" दाजी चक्रावले.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "दाजी, त्या दुकानदारानं तुमची माहिती चोरलीय!"

"अहो, पण लॅपटॉप तर त्यानं पाहिलासुद्धा नाही."

"तेच म्हणतो मी! न पाहता चोरली! विचार करा, माणूस किती पोचलेला असेल!"

दाजींनी लॅपटॉप बंद केला. सासुरवाडीला आलेला जावई किती बोलणार?

सोमवारी सकाळच्या एस.टी.नं दाजी, अक्का आणि मी धुळ्याला निघालो. आईही आली. तिच्या जावयाला फसवणारा माणूस तिला एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. दुकानात शिरताच मी आवाज चढवला. रस्त्यावरचे लोक जमले, शेजारच्या दुकानातला न्हावी वस्तरा घेऊन तसाच बाहेर आला.

दुकानदारानं शांतपणे लॅपटॉप उघडला. डिस्क उलटीसुलटी करून पाहिली. "ही मी दिलेली नाही. ही जुनी आहे."

"खोटं!" मी ओरडलो. "हे बघा कुंकू! खूण केलीय आम्ही!"

गर्दीत कुजबुज झाली. कुंकू पाहून दोन-चार जण माझ्या बाजूचे झाले.

तेवढ्यात आई पुढे आली. "आरे बाप्पा, कुंकू तर मी दोन्हीस्ले लायं! इतला दिन चाकरी करी त्या जुनीनी, तिले काय मोकया कपायनं धाडतस का?"

दोन्हींना कुंकू? माझा हात आपोआप खिशात गेला. रुमाल सोडला. आत नवी कोरी डिस्क, कुंकू लावून! दाजींच्या साहेबांची वेळ जवळ येत होती, आणि अक्का माझ्याकडे अशी बघत होती की रक्षाबंधनाची आशा मी तिथेच सोडली.

"द्या इकडे," दुकानदार म्हणाला. अक्कानं पिशवीतली फ्लॉपीही पुढे केली. "बसवतो. विंडोज टाकून फ्लॉपीवरचं कामही उतरवून देतो. वेळेत होईल. तुम्ही हवं तर समोर बसून बघा."

मी सवयीनं स्टूल ओढलं. आणि दाजी, माझ्यापुढे कधी आवाज न चढवलेले आमचे दाजी, पहिल्यांदाच कडाडले. "यांना आधी बाहेर बसवा!"

काम वेळेत झालं. साहेब खूश झाले आणि दाजींना बढतीही मिळाली. पण तो तासभर मी दुकानाच्या पायरीवर होतो. काचेतून मी दुकानदारावर नजर ठेवून होतो आणि आतून आई, अक्का, दाजी तिघंही माझ्यावर. दुकानदारानं त्या वेळात अख्खा लॅपटॉप बदलला असता, तरी माझ्याशिवाय कोणाला कळलं नसतं. आणि माझं तर आता कोणी ऐकतच नव्हतं!