भागरताबाईचं इसण

पुतण्याचा, धनराजचा फोन आला तेव्हा मी अंगणात सडा टाकत होते. "काकू, आई गेली," एवढंच बोलला... मागे दवाखान्यातल्या माणसांचा गलका. मी रडले नाही, कुणाला हाक मारली नाही. सरळ मागच्या चुलीपाशी गेले, मोठा गंज चढवला आणि पाणी तापत ठेवलं. गोंदियाहून अर्जुनी मोरगावच्या बाजूच्या आमच्या खेड्यात गाडी यायला दुपार उलटणार होती. माझी सून म्हणाली, "आई, आतापासून कायले? ते तं अजून निघाले बी नाई." कायले ते मला तरी कुठे सांगता येत होतं? गावात कुणी बाई गेली की मी पाणी ठेवायचं, एवढं मला ठाऊक. बाकीचं भागरताबाई पाहायची. आता भागरताबाईच गेली होती, आणि माझे हात आपले नेहमीसारखे चुलीकडे गेले.

ती माझी मोठी जाऊ. मी तिला नुसतं बाई म्हणायची. लग्न होऊन आले तेव्हा मला धानाची रोवणी येत नव्हती, बिडी वळता येत नव्हती, चूल फुंकता फुंकता डोळे सुजायचे. तिनं सगळं शिकवलं, पण गोड बोलून नाही हो. "तुह्या मायनं तुले काय देवळीत ठेवली होती का व?" असं म्हणायची आणि पुन्हा हात धरून दाखवायची. तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे, राइस मिलमध्ये पोती वाहायचे. छातीच्या दुखण्यानं लवकर गेले. मग दिवसा दुसऱ्याच्या बांधीत रोवणी, संध्याकाळी बिड्या, असं करून तिनं धनराजला शिकवलं. तो नोकरीला लागला, गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधलं. तिला तिकडे नेलं की ती चार दिवसांत एसटीनं परत. "तिथं कोनी मरत नाई का, काय मालूम," म्हणायची. "कोनी बोलवायलेच येत नाई."

कारण गावात तिला बोलवायला यायचे. बाळंतपणाला ती, आणि मेलेल्या बाईला आंघोळ घालायलाही ती. जन्माची आणि मरणाची आंघोळ एकाच हातची. आमची बौद्धांची वस्ती असो, कुणब्यांची असो, पोवारांची असो, निरोप आला की ती पदर खोचून निघायची आणि दारातूनच मला ओरडायची, "शेवंते, पानी!" मी पाणी उकळायचं आणि लुगड्यांच्या आडोशाशी नेऊन ठेवायचं. आत मी जायची नाही, मला मेलेल्या माणसाची भीती वाटायची. ती मग त्यात थंड पाणी घालायची. त्याला तुम्ही विसण म्हणता, आमच्याकडे इसण. आणि कोपर बुडवून पाहायची, बाळाच्या आंघोळीला पाहतात तसं. कोपराला बरं वाटलं तरच पहिला तांब्या.

बायका हसायच्या. "मेलेल्या मान्साले का थंड अन् का गरम?" ती पुढचा तांब्या ओतायची. मला मात्र एकदा सांगितलं, आम्ही दोघी धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधत बसलो होतो तेव्हा. धनराजच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. पौषाच्या थंडीत, दोन वर्षांची होऊन गेली. आंघोळ घालणारीनं विहिरीचं पाणी शेंदलं आणि तसंच ओतलं. "थंड पानी टाकलं व माह्या पोरीवर..." एवढं बोलून ती पुढची पेंढी बांधायला लागली. पुन्हा कधी त्या मुलीचं नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नाही.

आंघोळ घालताना ती बोलायची. आडोशाच्या बाहेर मला ऐकू यायचं. "हात उचलतो हं माय... आता पाठ... झालं, झालं, आता केस." जशी काही समोरची रुसेल. ज्या मालकांच्या बांधीत आम्ही जन्मभर रोवणी केली, त्यांच्या घरी आमच्या चहाचे कप वेगळे, गोठ्याच्या वळचणीला खोचलेले असायचे. आपणच काढायचे, आपणच धुऊन पुन्हा खोचायचे. मालकीण गेली तेव्हा सुना शहरात, मुली पोचायच्या होत्या, घरातल्या दोघी हात लावायला भ्याल्या. बाईला निरोप आला. मी म्हटलं, "बाई, तू जाशीन?" ती म्हणाली, "कप तिनं येगळा ठेवला होता, पानी तं मी पाहीन." त्या दिवशी आडोशाआड तिचा आवाज मी नीट ऐकला. "आता तं शिवलो तुले, मालकीन. राग नोको मानजो." आणि मग कोपर बुडवलं असेल, कारण मला हाक आली, "शेवंते, आनखी थोडं गरम आन. बुढीचं आंग लय थंड आहे."

विहाराचा झाडू तिचाच. पौर्णिमेला सकाळीच झाडून, पुसून, मेणबत्त्या लावून बसायची. अक्षर एक येत नव्हतं, पण वंदना सगळी पाठ, आणि पोरं घाई करायला लागली की मध्येच थांबवायची, "गाडी सुटून राहिली का रे तुमची?" आपल्या वस्तीतली बाई गेली की आंघोळीनंतर उशाशी बसून त्रिशरण म्हणायची. दुसऱ्यांच्या घरी आंघोळ झाली की हात धुऊन बाहेर यायची. "त्याह्यचं ते करतीन," म्हणायची. "आपलं काम पान्यापुरतं."

मागच्या उन्हाळ्यात तिला धाप लागायला लागली तेव्हा ओसरीवर बसून एकदा म्हणाली, "शेवंते, तू पानी तापवशीन. इसन कोन घालन?" मला कळलं कशाबद्दल बोलते. तिची सून भली आहे, पण तीही माझ्यासारखी भित्री. मी विषय उडवायला म्हटलं, "मीच पहिले जातो, तूच घाल माह्यं इसन." तर कशी उसळली! "लय घाई झाली तुले मरायची! रांगेत उभी राय. मी मोठी आहो."

गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. गंजातलं पाणी उकळून अर्धं झालं, मी पुन्हा भरलं, पुन्हा उकळलं, असं दुपारभर. तिला ओसरीवर ठेवलं. पांढऱ्या चादरीत इतकी लहान दिसत होती... धनराज जवळ येऊन म्हणाला, "काकू, दवाखान्यात पुसून-बिसून दिलं सगळं. आता पानी शिंपडू फक्त. दिवस बुडून राहिला, माती करायची आहे." त्याचा काही दोष नाही, रात्रभर जागा होता बिचारा. पण माझ्या तोंडून निघालं, "तुह्या मायनं गावातल्या कोन्या बाईले शिंपडून पाठवलं का रे?" मग त्यानं स्वतःच थंड पाण्याची बादली आणून ठेवली.

बायकांनी लुगडी धरली. मी पाणी उचललं, आडोशाशी गेले, ठेवलं... आणि उभी राहिले. नेहमीसारखी. आतून हाक यायची वाट पाहत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिची सून हळूच म्हणाली, "काकू, आत कोनीच नाई." तेव्हा मी लुगड्याखालून वाकून आत गेले. जन्मात पहिल्यांदा.

इसण मला जमेना. आधी फार गरम, मग थंड घातलं ते जास्त झालं, पुन्हा गरम. ती असती तर म्हणाली असती, "भाजी शिजवून राहिली का व मले?" शेवटी कोपराला बरं वाटलं. मी तिचा हात हातात घेतला. अंगठ्याला बिड्या वळून पडलेला घट्टा तसाच होता. वाटलं होतं भीती वाटेल. नाही वाटली. वाटलं ते असं, की ही आता एवढी गप्प कशी. म्हणून मीच बोलले, "बाई, डोक्यावर टाकतो हं... डोरे मीट." डोळे तर मिटलेलेच होते.

आता महिना उलटून गेला. धनराज घराला कुलूप लावून फुलचूरला गेला. जाताना तिचं इसण घालायचं पितळेचं गंगाळ माझ्याकडे ठेवून गेला. ते मी अंगणातल्या न्हाणीत उपडं घालून ठेवलंय. गेल्या आठवड्यात पलीकडच्या टोलीवरच्या वस्तीतली एक म्हातारी गेली. तिची लेक दारात आली, आत येईना, नुसती गंगाळाकडे पाहत उभी. मी पदर खोचला. सुनेला म्हटलं, "पानी ठेव व."

घरी आले की सून माझ्याही आंघोळीचं पाणी काढते आणि हाक मारते. मी इसण घालते, कोपर बुडवते, आणि क्षणभर थांबते... "आनखी थोडं" म्हणणारं कुणी नसतं. माझ्या वेळी कोण पाहील, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. जिला विचारलं असतं ती पुढे निघून गेली. रांगेत ती मोठी होती ना.