शनिवारी मुलं एवढी का ओरडायची

ये, इकडे ये, अशी माझ्याजवळ बस. आधी थोडी बोलणी खा, मग चहा टाकते. अगं, सख्खी भाची तू माझी, आणि तिकडे घोडबंदर रोडवर बसून साऱ्या नातेवाइकांना सांगतेस की मावशीला वाचनालयातून काढलं. मला एक फोन करायचा होतास की. अर्धी बातमी ऐकायची आणि पुढे सरकवायची, ही तुझी लहानपणापासूनची खोड. काढलं नाही कुणी. तास बंद पडायची वेळ आली होती, ते मात्र खरं.

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात मी शनिवारी चार ते पाच मुलांचा वाचनतास घेते, ते तुला माहीतच आहे. माझं शिक्षण म्हणशील तर सातवी. बाकी जे काय आलं ते याच वाचनालयाची पुस्तकं घरी आणून, कुकर चढवता उतरवता वाचून आलं. म्हणून तिथे काही करायला मिळालं की मला बरं वाटतं. मुलं गोल करून बसतात. एकाने एक पान वाचायचं, पुढच्याने पुढचं. मध्येच कुणीतरी विचारतं, राक्षस दात कशाने घासतो, आणि मग गोष्ट राहते बाजूला आणि आम्ही सगळे राक्षसाच्या मोरीत.

शेजारच्या खोलीत अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलंमुली सकाळी डबा घेऊन येतात ती रात्रीच उठतात. घरी बसायला कोपरा नसतो गं बिचाऱ्यांना. त्यांच्या आणि आमच्या मध्ये भिंत कसली, नुसतं प्लायवूड. त्यांनी कार्यवाहांकडे तक्रार केली. कार्यवाह म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, प्रत्येक शब्द तपासून देणारे गृहस्थ. मला बोलावून म्हणाले, "बाई, शनिवारी पलीकडे कुणाला एक ओळ वाचता येत नाही, इतकी मुलं ओरडतात. महिनाभर बघू. नाही जमलं, तर तास बंद करावा लागेल. त्या खोलीतही अभ्यासाची टेबलं टाकू."

भांडायचं मनात आलं. पण ती अभ्यास करणारी पोरं काही चुकीचं बोलत नव्हती, मग भांडू कुणाशी?

मुलांना सांगितलं, आजपासून हळू वाचायचं. तर सगळी पुटपुटायलाच लागली. ओठ हलतायत, शब्दाचा पत्ता नाही. एकाला मी म्हटलं, "अरे, जेवून आला नाहीस का?" मग त्याने आवाज चढवला, त्याचं ऐकून पुढच्याने चढवला, आणि पलीकडून प्लायवूडवर थाप. पुढच्या शनिवारी तेच. आधी मीच श्श करायचं आणि मग मीच काय, काय म्हणून विचारायचं. दोन मुलं यायची थांबली. घरी भाजी निवडताना डोक्यात एकच, मुलं मला कंटाळली. मनच नाही त्यांचं, म्हणून पुटपुटतात. आणि कंटाळली असतील तर तास वाचवायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कार्यवाह स्वतःच येऊन बसले. मुलांच्या छोट्या खुर्चीत, गुडघे हनुवटीपाशी. वाचायची पाळी होती मानपाड्याहून येणाऱ्या एका मुलीची. नऊ वर्षांची असेल, पण आवाज असा की रिक्षा थांबाव्यात. दोन ओळी झाल्या आणि कार्यवाहांनी हात वर केला.

"अगं पोरी, शेताच्या पलीकडे हाक मारतेस का कुणाला? एवढ्या मोठ्याने का वाचतेस?"

तिने मान वर केली नाही. पुस्तकात बघूनच म्हणाली, "आजीला ऐकू येत नाय ना."

मी म्हटलं, "मला? मला चांगलं ऐकू येतं."

"नाय येत. हलू वाचलं की तू सारखी काय काय करतेस. म्हनून आमी ठरवलंय, मोठ्या आवाजाचे तुझ्या उजव्या बाजूला बसनार. बारक्या आवाजाच्यांचं पान मीच परत वाचते."

शेजारचा चष्मेवाला मुलगा म्हणाला, "डाव्या कानाने तर तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, आजी. आम्ही टेस्ट केली."

"कशी रे?"

"तुमच्या डाव्या बाजूला उभं राहून मी म्हटलं, आजी, तुमच्या साडीवर पाल आहे. तुम्ही पान उलटलंत."

कार्यवाह खिडकीबाहेर बघायला लागले. खांदे हलत होते त्यांचे.

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाही?" तीच मुलगी म्हणाली, "तुला वाईट वाटलं असतं. मग तू तास बंद केला असतास."

अगं, मी तिकडे तास जाईल म्हणून झुरतेय आणि ही इकडे त्याच भीतीने घसे फोडतायत. लाज वाटायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, मला इतकं हलकं वाटलं की डोळेच भरून आले. मुलं कंटाळली नव्हती. माझा कान गेला होता, एवढंच.

कार्यवाहांनी तेवढ्यात कानातून शेंगदाण्याएवढं काहीतरी काढून तळहातावर धरलं. "हे माझं मशीन. मला मुलाने ओढत नेलं होतं, तुम्ही आपणहून जा. तास राहू दे. आधी कान दाखवून या." मग हळूच म्हणाले, "सभेत मी हे बंद ठेवतो, कुणाला सांगू नका." आता सगळ्यांसमोर सांगितल्यावर कसलं गुपित?

स्टेशनजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डाव्या कानात मशीन बसलं. पहिल्या शनिवारी मुलं आपल्या आवाजात वाचत होती आणि मला ओळन् ओळ कळत होती. "आता आजीसमोर काही बोलायची सोय नाही," हे एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं, तेही कळलं. पावणेपाचला अभ्यासिकेतली एक मुलगी दारातून डोकावली. "आजी, आज मुलं आली नाहीत का?" आणि गोल भरलेला बघून तिने जीभच चावली. न येणारी ती दोघंही परत आली. टेबलांचं कुणी नाव काढत नाही.

तर आता ज्यांना ज्यांना अर्धं सांगितलंस त्यांना पुरं सांग. आणि या शनिवारी लेकाला घेऊन वाचनालयात ये. घोडबंदरच्या ट्रॅफिकचं कारण देऊ नकोस, सकाळीच नीघ, जेवायला घरीच या दोघं. एक पान तो वाचेल, एक तू वाच. वाट बघते.