दाराशी मांडलेलं जास्तीचं ताट

तमाम निपाणीकरांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे दावीदकाका दुसऱ्यांदा वारले.

पहिल्यांदा ते वारले बाप्तिस्मा घेऊन दत्ताचे दावीद झाले त्या दिवशी. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे वडील आप्पा, विहिरीवर गेले, जिवंत भावाच्या नावानं डोक्यावरून पाणी ओतून घेतलं आणि घरात जाहीर केलं, "दत्ता मेला." मेलेला दत्ता शेजारच्याच घरात राहायचा, तंबाखूच्या वखारीत वजनं करायचा आणि मधल्या भिंतीपलीकडून खणखणीत आवाजात भजनं म्हणायचा. इतका ठणठणीत मेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काकांचा खरा सण वल्हांडण. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी घरातच जेवण. पहिल्यांदा मी मोठ्या आशेनं गेलो, कारण या सणाला कोकरू भाजतात असं ऐकलं होतं. पुढ्यात आली भाकरी आणि कडुनिंबाची चटणी.

"काका, मटण?"

"न्हाय रं. मिसर देशात यहुदी लोक गुलाम हुते. त्यांनी कोकरू कापलं, रगत चौकटीला लावलं, आन् मरण त्यांची घरं ओलांडून गेलं. आमचं कोकरू म्हंजे येशू. त्यो एकदाच कापला गेला, सगळ्यांसाठी. आता कुणाला कापायचं न्हाय."

"मग हे कडू कशाला?"

"गुलामीची चव इसरू नये म्हणून. खा गप!"

चर्चच्या पाळकसाहेबांना ही चटणी पसंत नव्हती. कडुनिंब म्हणजे पाडवा, आणि पाडवा हिंदूंचा. आप्पांना तर मुळीच नव्हती, कारण झाड त्यांच्या परड्यातलं, फक्त एक फांदी भिंतीवरून काकांकडे गेलेली. दोन धर्म एका चटणीवर एकदम खवळलेले पाहून मला भलतीच मजा वाटायची...

त्या जेवणाला एक ताट जास्तीचं असे. दाराशी, आप्पांसाठी. "एकदा यिऊन बसला की माजं भरून पावलं," काका म्हणत. दरवर्षी भिंतीवरून हाक जायची, "आप्पा, जेवाय येतोस न्हवं?" एका वर्षी उत्तर आलं. आप्पांनी कुऱ्हाड घेतली आणि ती फांदी बुडातून तोडली. पुढं काका ओढ्याकाठून पाला आणू लागले. हाक मात्र त्यांनी बंद केली नाही.

माघात काका गेले. माती द्यायला आप्पा आले नाहीत. "एका माणसाचं सुतक दोनदा धरत न्हाईत," म्हणाले. एरवी असल्या वाक्यावर मी वखारीपुढं महिनाभर भाव खाल्ला असता. त्या दिवशी मी ते कुणालाच सांगितलं नाही.

परवा वल्हांडण सण आला. काकूंनी सवयीनं दाराशी ताट मांडलं, आणि आप्पा सरळ आत आले. हातात कडुनिंबाचा डहाळा, आपल्याच झाडाचा. काकूंनी डहाळा घेतला, पाला पाट्यावर वाटला आणि ताटात वाढला. 'आता सुचलं व्हय?' हे माझ्या जिभेवर आलेलं मी मागं ढकललं... भिंतीपल्याड भाऊ होता तेव्हा यांना भिंत उंच वाटली, आणि आता भाऊ नाही तर चालत आले! आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवून तोंडात घातला. चेहरा कसनुसा झाला, डोळ्यांतून पाणी आलं. मग आतल्या खोलीकडे मान वळवून, थोरल्या भावाच्या जुन्या रुबाबात ते ओरडले,

"दत्त्या, पाणी आण रं!"