दोनशे कलदारची सायकल

चार माणसं रोज संध्याकाळी एकाच बाकड्यावर बसायला लागली, की वर्षभरात इतके किस्से साठतात की आधी कुठला सांगावा तेच कळत नाही. आमचं बाकडं होतं धाराशिवच्या गंज बाजारात, कासीमभाईच्या सायकल दुकानापुढं. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, बाकड्यावर मात्र धाराशिवच. राज्य निजामाचं, लढाई तिकडं विलायतेत, आणि आमचं सगळं लक्ष एका जुन्या सायकलीवर!

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. वय पंचवीस. बायको कमल बाळंतपणाला माहेरी, येरमाळ्यापुढच्या वाशीला गेलेली, आणि मुलगी झाल्याचा निरोप येऊन महिना झालेला. मी अजून लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. पेट्रोलच्या टंचाईमुळं मोटार आज आहे तर उद्या नाही. निजामाच्या राज्यात शाळेला सुट्टी फक्त शुक्रवारी. एका दिवसात वाशीला जाऊन यायचं तर सायकल हवी, आणि तीही दमदार.

तेवढ्यात एका संध्याकाळी रंगनाथराव सायकल हातात धरून चालत आले.

रंगनाथराव म्हणजे रिटायर झालेले गिरदावर. महसूल खात्यात तीस वर्षं गावोगाव फिरून शेतं तपासलेला माणूस. उंच, सडपातळ, डोक्याला काळी टोपी. आणि ही सायकल, तरुणपणी बार्शीहून आणलेली विलायती टूरिंग. हिरवा रंग उडत आलेला, कातडी सीट बसून बसून चमकणारी, मागच्या चाकाच्या पोटात तीन गिअर.

"कासीम, ही विकायची आहे. दुकानात ठेव."

"किती सांगू लोकांना?"

"दोनशे. आणि हाली नाही, कलदार!"

हाली म्हणजे निजामाचा रुपया. कलदार इंग्रजांचा, त्याहून भारी. कासीमभाईच्या हातातला पाना खाली पडला.

"साब, इतक्यात तर घोडा येतो!"

रंगनाथराव शांतपणे म्हणाले, "घोड्याला मधेच घर आठवतं. हिला नाही."

*

बाकड्यावरचे चौथे मानकरी म्हणजे शिवलिंगप्पा. कापडाचे व्यापारी, मूळचे उमरग्याकडचे. गिऱ्हाइकाशी मराठी बोलायचे आणि घासाघीस रंगात आली की स्वतःशी कन्नड. समोरच्यानं सांगितलेला भाव त्यांनी आयुष्यात एकदाही मान्य केला नव्हता. दवाखान्यात डॉक्टरनं तीन दिवसांची औषधं दिली, तर म्हणाले होते, "दोन दिवसांत बसवा की!"

ते सायकलीभोवती तीन दिवस फिरले. टायर दाबले, घंटी वाजवली, हँडलवर नखानं टकटक केलं.

"साठ कलदार. लई झाले."

रंगनाथराव म्हणाले, "अप्पा, आधी बसून बघा. मग भाव करा."

शिवलिंगप्पांनी धोतराचा सोगा खोचला आणि सकाळी येडशीच्या रस्त्याला लागले. म्हणाले, नाक्यापर्यंत जाऊन येतो. दुपार झाली, पत्ता नाही. त्यांच्या दुकानापुढं गिऱ्हाइकं येऊन परत गेली. उन्हं कलली तेव्हा अप्पा आले, सायकल हातात धरून, धुळीनं भरलेले, आणि चेहरा असा की देवळातून निघालेत.

"कुठपर्यंत गेला होता?"

"काय की. घाट दिसला, तिथं बसलो. वारं होतं."

"मग, भाव काय म्हणता?"

"मला परवडत न्हाय हो."

"दोनशे जास्त वाटतात?"

"भावाचं न्हाय!" अप्पा एकदम कळवळून म्हणाले. "तीस वर्षांत आज पहिल्यांदा मी दुकान उघडायचं विसरलो. असली वस्तू व्यापाऱ्याला कशी परवडंल?"

*

सायकल विकायला ठेवली म्हणून रंगनाथराव रोज दुकानात येऊन बसू लागले. विकायची राहिली बाजूला, तिच्या गोष्टीच निघायच्या.

बार्शी तेव्हा इंग्रजी मुलखात. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे आपल्या हद्दीत माल आणायचा तर तिथं जकात भरायची. नाक्यावरच्या कारकुनाला लोक प्रत्येक वस्तूची किंमत निम्मी सांगायचे. रंगनाथरावांनी या सायकलीची खरी सांगितली. दोन महिन्यांच्या पगाराएवढी!

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. सायकलीकडं पाहिलं, मग यांच्याकडं.

"लग्न झालंय का तुमचं?"

"झालंय."

"मग साहेब, थोडी कमी सांगा. उद्या घरच्यांनी विचारलं तर सरकारी पावती पुरावा होईल!"

*

कासीमभाईला मात्र त्या तीन गिअरांचा फार राग. सबंध जिल्ह्यात तसलं चाक त्यानं दुसरं पाहिलं नव्हतं. तो म्हणायचा, "साब, इसमें फायदा क्या? पाय दोनच, गिअर तीन कशाला?"

त्यावर रंगनाथरावांनी येडशीची गोष्ट सांगितली. येडशीहून तेरला छोटी रेल्वे जाते, रुळाच्या बाजूनं गाडीवाट. एकदा गाडी सुटली आणि हे पण सुटले. सपाटीला हे पुढं, उताराला गाडी पुढं. डब्यातले लोक खिडक्यांतून अर्धे बाहेर. कुणी टोप्या हलवतंय, कुणी ओरडतंय, "साहेब, दाबा!" एका बाईनं तर चालत्या गाडीतून यांच्याकडं पेरू फेकला. तोही यांनी झेलला!

तेर स्टेशनात दोघं बरोबरच पोचले. इंजिनाचा ड्रायव्हर खाली उतरला, काळाकुट्ट, घामानं निथळणारा. सायकलीपाशी वाकून त्यानं निरखून पाहिलं.

"साहेब, कोळसा किती लागतो?"

"एक पेरू," रंगनाथराव म्हणाले.

*

शेवटी मीच धीर केला. "साहेब, एका शुक्रवारी नेऊ का? घेण्यासारखी आहे का बघतो."

माझ्याकडं दोनशे कलदार कधीच जमणार नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं. तरी म्हणाले, "न्या. येरमाळ्याच्या पुढं घाई करू नका. तिथं बघण्यासारखं आहे."

पहाटेच निघालो. येडशीच्या जंगलात धुकं इतकं खाली होतं की माझेच गुडघे मला दिसेनात. सायकलीचा आवाज म्हणून नाही. नुसती मागच्या चाकाची बारीक टिकटिक, घड्याळ उशाशी ठेवून झोपल्यासारखी. येरमाळ्याला उजाडलं. येडेश्वरीच्या डोंगराला लांबूनच हात जोडले. पुढच्या माळावर ज्वारी उभी होती आणि वारा सगळ्या रानावर एकदमच हात फिरवत होता. मी खरंच घाई केली नाही. कुठं पाय मारत होतो आणि कुठं सायकल आपोआप चालली होती, आज सांगता येणार नाही. वाशी आली तेव्हा मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून लाज वाटली. लेक वाट बघत होती!

सासऱ्यांच्या दारात उतरलो मात्र, अर्धी वाशी गोळा झाली.

"जावईबापू, केवढ्याला?"

"गिअर कुठं असतो?"

"मला एक चक्कर मारू द्या की!"

सासूबाईंनी माझ्याआधी सायकलीला हळदकुंकू लावलं. सासऱ्यांनी हँडल धरून गावच्या पाटलाला पूर्ण माहिती दिली, सगळी चुकीची. तासाभरानं मी कसाबसा आतल्या खोलीत शिरलो. कमल भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली एवढीशी लेक. झोपेतच तिनं माझं बोट धरलं.

मी काही बोलणार, तेवढ्यात कमल म्हणाली, "सायकल कुणाची?"

"रंगनाथरावांची. बघायला आणलीय."

"बरं झालं," ती म्हणाली. "सायकल बघायला सगळी वाशी आली. आता आम्हाला बघायला कोण आलंय?"

*

एकदा खरंच गिऱ्हाईक आलं. रस्त्याच्या कामाचा कंत्राटदार, हातात अंगठ्या. त्यानं दोनशे कलदार बाकड्यावर ठेवले. घासाघीस नाही, काही नाही. शिवलिंगप्पांना ते बघवेना. त्यांनी तोंड फिरवलं.

रंगनाथरावांनी विचारलं, "चालवता येते?"

"मला कशाला? बैठकीत ठेवणार. शोभेला."

"मग अडीचशे."

कंत्राटदार हसला आणि आणखी पन्नास ठेवले.

"तीनशे!"

कंत्राटदार पैसे उचलून बडबडत निघून गेला. कासीमभाईनं कपाळाला हात लावला. "साब, विकायची हाय का न्हाय?"

रंगनाथराव बराच वेळ चाकाच्या तारांवरून बोट फिरवत राहिले.

"विकायची आहे रे," ते म्हणाले. "जाऊ द्यायची नाही."

त्या दिवशी आम्हाला कळलं. पैसे उचलताना कंत्राटदाराचं एक नाणं खाली पडलं होतं, यांच्या पायापाशीच. ते उचलायला रंगनाथराव वाकले आणि हातानं जमीन चाचपडत राहिले. डोळे गेले होते. समोरचा माणूस ते आवाजावरून ओळखत होते. गेले दोन महिने रोज आमच्यात बसून!

कासीमभाईनं नाणं उचलून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "साब, चहा सांगतो."

चहा पिऊन झाल्यावर रंगनाथरावांनी माझ्या दिशेनं तोंड केलं.

"मास्तर, तुमच्याकडं किती आहेत?"

"साठ. तेही हाली."

"द्या. आणि एक शुक्रवार माझा. मला मागं बसवून तेरला न्यायचं. झाले दोनशे कलदार."

शिवलिंगप्पा ताडकन उठले. "मास्तर, फसलात! एवढा महाग शुक्रवार असतो का कुठं?"

*

तो शुक्रवार सांगतो आणि थांबतो.

रंगनाथराव मागं केरिअरवर बसले, एक हात माझ्या खांद्यावर. तेरपर्यंत चौदा-पंधरा मैल. मिटल्या डोळ्यांनी ते मला रस्ता सांगत होते. "आता चिंचा येतील. आल्या? आता ओढा. हळू, दगड आहेत." एकही चुकलं नाही.

तेर मैलभर राहिलं असेल. म्हणाले, "डावीकडं विहीर आहे. थांबा."

डावीकडं नुसतं ज्वारीचं रान. "साहेब, विहीर नाही इथं."

"आहे. थांबा तुम्ही."

थांबलो. रानात एक म्हातारी खुरपत होती. केस पांढरेशुभ्र, नऊवारीचा काष्टा घातलेला. मी हाक मारून विचारलं, "आजी, इथं विहीर होती का?"

"व्हती की. बुजवून लई वरसं झाली."

ती बोलता बोलता बांधावर आली. तिनं आधी सायकल पाहिली. हिरव्या रंगावर, जिथं तो अजून शिल्लक होता तिथं, बोट ठेवलं. मग रंगनाथरावांकडं पाहिलं. खुरपं खाली ठेवून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आलात व्हय?" ती म्हणाली. "लई उशीर केलात."

रंगनाथरावांनी टोपी काढली. मी त्यांना कधी टोपी काढताना पाहिलं नव्हतं.

दोघं बांधावर बसले. मी सायकल घेऊन लांब जाऊन उभा राहिलो. ते बोलले का नाही, ठाऊक नाही. ऐकू काही आलं नाही. ज्वारीवरून वारा येत होता आणि उन्हं हळूहळू सरकत होती. बऱ्याच वेळानं म्हातारीनं त्यांचा हात धरून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं, आणि मागं न बघता रानात गेली.

तेरला जायचं राहिलंच. आम्ही तिथूनच परत फिरलो. पाच-सहा मैल मी नुसते पाय मारले. मग राहवलं नाही.

"साहेब, त्या कोण?"

माझ्या खांद्यावरचा हात जरा घट्ट झाला.

"मास्तर, चढ आलाय. बोलू नका, दम लागेल."